सरावात जमणारं ड्रिबलिंग मॅचमध्ये का फसतं? बिघाड शोधायचा क्रम

फुटबॉलमध्ये ड्रिबलिंगचा, म्हणजे चेंडू पायात ठेवून पुढे नेण्याचा, एकट्याने सराव करताना सगळं जमतं. जमिनीवर मांडलेल्या प्लास्टिकच्या शंकूंमधून, म्हणजे कोनमधून, चेंडू सफाईने फिरतो, सिझर्स (चेंडूभोवती पाय फिरवून दिलेली हूल) होते, टाचेमागून चेंडू ओढून वळताही येतं. समोर बचावपटू आला की मात्र तोच चेंडू पायातून सुटतो, नाहीतर थेट त्याच्या बुटावर जाऊन आदळतो. मुलांना आणि हौशी खेळाडूंना शिकवताना हा एकच बिघाड मी पुन्हा पुन्हा दुरुस्त करत आलो आहे, आणि बहुतेक जण तो शोधतात तिथे तो नसतो. खेळाडूला वाटतं, आपली ट्रिक कच्ची आहे. मग तो दुसरी शिकायला घेतो, ती फसली की तिसरी. ट्रिक बहुधा ठीकच असते. चुकतो तो ट्रिकच्या आधीचा टच, म्हणजे चेंडूला पायाचा स्पर्श. तो लांब गेलेला असतो, किंवा तो मारेपर्यंत बचावपटू अंगावर आलेला असतो, किंवा तो मारताना नजर चेंडूवरून उठलेलीच नसते.

म्हणून नवीन काही शिकण्याआधी खालच्या क्रमाने तपासा. सोप्या आणि बिनखर्चाच्या गोष्टी आधी, वेळ खाणाऱ्या नंतर. मधली पायरी गाळू नका. वरच्या पायरीवरचा दोष तसाच राहिला, तर खालच्या पायरीवर घेतलेली मेहनत वाया जाते.

आधी लक्षणं

- धावताना चेंडू दोन पावलं पुढे पळतो आणि गाठायला शेवटी पाय ताणावा लागतो.
- वळताना चेंडू आपल्याच दुसऱ्या पायावर किंवा टाचेवर आपटतो.
- ट्रिक पूर्ण होते, पण चेंडू बचावपटूच्या नडगीवर जातो.
- बचावपटू फसतो, तरी दोन-तीन पावलांत परत समोर येऊन उभा राहतो.
- एका बाजूला जाताना सगळं ठीक, दुसऱ्या बाजूला प्रत्येक वेळी गडबड.
- बचावपटू कुठून आला ते धक्का बसेपर्यंत कळत नाही. डाव्या हाताला मोकळा उभा असलेला साथीदार नंतर कुणीतरी सांगितल्यावर कळतो.
- सुरुवातीला चेंडू पायात असतो, दमल्यावर सुटायला लागतो.

यातलं आपलं लक्षण कोणतं हे आठवून ठरवू नका. खेळताना जे झालं असं वाटतं आणि जे खरोखर होतं, त्यात बरंच अंतर असतं. मैदानाच्या कडेच्या रेषेवरून कुणाला तरी मोबाइलवर शूटिंग करायला सांगा. कॅमेरा तुमच्या बाजूला हवा, समोर नको. समोरून चेंडू आणि पाय यांतलं अंतर दिसत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच बघायचं आहे. प्रत्येक वेळी चेंडू गेला, की तिथून तीन टच मागे जाऊन बघा. फक्त गेलेला क्षण बघितला, तर चूक ट्रिकचीच वाटेल.

चेंडूची हवा आणि आकार

दोन मिनिटांचं काम आहे, म्हणून पहिलं. नियमांप्रमाणे मोठ्यांच्या मॅचचा चेंडू ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा, ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो आणि त्यातली हवा ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर, म्हणजे ८.५ ते १५.६ पीएसआय. हा पट्टा खूप रुंद आहे. खालच्या टोकाचा चेंडू पायाला लागून थांबतो, वरच्या टोकाचा त्याच टचला उसळून पुढे जातो. बऱ्याच चेंडूंवर वॉल्वजवळ योग्य प्रेशर छापलेलं असतं. गेजने मोजा आणि तेवढंच ठेवा. सुई आत घालताना ओली करून घाला, कोरडी घातली तर वॉल्व फाटू शकतो.

हे महत्त्वाचं का, तर अनेक जण घरी मऊ पडलेल्या चेंडूवर सराव करतात आणि मॅच टणक चेंडूवर खेळतात. पाय मऊ चेंडूला सरावलेला असतो, तेवढ्याच जोराचा टच मॅचमध्ये लांब जातो. हा तंत्राचा दोष नाही, आणि पंपाने सुटणारा प्रश्न सोडवायला आठवडे घालवू नयेत.

लहान मुलांच्या बाबतीत आकारही बघा. साधारणपणे आठ वर्षांखालच्यांना ३ नंबर, आठ ते बारा वयाच्यांना ४ नंबर आणि त्यापुढे ५ नंबर. नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्या भावाचा ५ नंबर दिला, तर चेंडू त्याच्या घोट्याच्या बराच वर येतो. बुटाच्या बाहेरच्या बाजूने तो हलका ढकलताच येत नाही, मग मूल बोटांच्या टोकाने ठोकतं. ही सवय पुढे मोडायला फार वेळ लागतो.

फुटसालचा (छोट्या, बहुधा बंदिस्त मैदानावरच्या फुटबॉलचा) चेंडू मिळाला तर थोडा वेळ त्यावर जरूर खेळा. तो ६२ ते ६४ सेंटिमीटर घेराचा असतो आणि मुद्दाम कमी उसळणारा बनवतात. दोन मीटरवरून सोडला तर पहिली उसळी ५० ते ६५ सेंटिमीटरच घेतो. तळव्याखाली चेंडू फिरवायला शिकण्यासाठी उत्तम. मॅचच्या आधीचे काही दिवस मात्र मॅचच्याच चेंडूवर सराव करा.

बूट आणि जमीन

पाय बुटात सरकतो का, एवढंच बघायचं. वळताना पाय आत घसरला, तर बूट आधी वळतो आणि पाय नंतर. चेंडूला लागणारा कोन तिथेच बिघडतो. बोटांपुढे किंचित जागा पुरे. कडक किंवा कृत्रिम मैदानावर लांब स्टडचे (तळाला खुंट्या असलेले) बूट घालू नका. स्टड जमिनीत रुतत नाहीत, शरीर त्यांच्यावर तोललं जातं आणि खेळाडू नकळत सरळ उभं राहून खेळायला लागतो. त्या मैदानांसाठी आखूड आणि जास्त स्टडचे बूट असतात. नाडीची गाठ बाहेरच्या अंगाला सरकवून बांधा, मध्ये नको. आणि नडगीचे पॅड सरावातही घाला. मॅचमध्ये ते सक्तीचे आहेतच, पण मुद्दा वेगळा आहे: पॅड नसलेला खेळाडू टक्कर टाळायला पाय आखडतो आणि चुकीच्या सवयी सरावातच लागतात.

पायाचा कोणता भाग चेंडूला लागतो

इथून तंत्र सुरू होतं, आणि या पायरीवर मला सर्वाधिक दोष सापडतात.

सरळ धावताना पायाच्या आतल्या बाजूने चेंडू ढकलणं ही सगळ्यात रुजलेली चूक. पासिंग शिकताना आतली बाजू वापरायची सवय लागते आणि तीच धावतानाही वापरली जाते. पण आतली बाजू चेंडूसमोर आणायला मांडी बाहेर फिरवावी लागते. पाऊल तुटतं, धाव मोडते आणि चेंडू सरळ न जाता तिरका, दुसऱ्या पायाकडे जातो. मग तो त्या पायाने परत आणावा लागतो. बाजूने काढलेल्या व्हिडिओत हे लगेच ओळखू येतं: खेळाडू धावत नसतो, लंगडत असतो.

धावताना चेंडू न्यायचा तो पायाच्या पुढच्या बाहेरच्या भागाने, करंगळीच्या वर जिथे नाडी संपते तिथे. बोटं किंचित खाली आणि आत वळवायची, घोटा ताठ ठेवायचा. पाय नेहमीच्या पावलासारखाच पुढे येतो आणि जाता जाता चेंडूला ढकलतो. धावीत वेगळा थांबा येत नाही. आतली बाजू ठेवायची ती आत वळण्यासाठी, तळवा ठेवायचा थांबण्यासाठी आणि मागे ओढण्यासाठी.

तपासायची पद्धत: वीस मीटर सरळ चेंडू घेऊन जा, आतल्या बाजूचा एकही टच न करता. जमलं नाही तर पुढची कुठलीही पायरी आत्ता करू नका. आधी चालत, मग जॉगिंगच्या वेगाने, मग धावत. चालताना हास्यास्पद सोपं वाटेल. तरीही चालूनच सुरुवात करा, कारण घोट्याचा कोन धावताना नवा बसत नाही, हळू वेगात बसलेला कोनच धावताना टिकतो.

टच केवढा

मोकळ्या जागेत मोठा टच बरोबर असतो. समोर तीस मीटर रिकामं मैदान असताना दर पावलाला चेंडूला शिवत जाणारा खेळाडू उगाच हळू पळतो. बचावपटू जवळ आला की मात्र दर पावलाला एक टच हवा. कारण दोन टचच्या मध्ये चेंडू कुणाचाच नसतो. तेवढ्या वेळात बचावपटू पाय घालतो, आणि तुम्ही दिशा बदलू शकत नाही कारण तुमचा पाय चेंडूपर्यंत पोहोचलेलाच नसतो.

याची चाचणी अशी. चेंडू घेऊन धावा. मागून कुणीतरी कधीही टाळी वाजवेल. टाळी ऐकताच पुढच्या एकाच पावलात तळवा चेंडूवर ठेवून थांबायचं. थांबता आलं तर टच त्या वेगाला योग्य. आणखी दोन पावलं धावावं लागलं, तर टच मोठा आहे. वेग कमी करून पुन्हा करा, आणि ज्या वेगाला टाळी पकडता येते तो आपला आजचा खरा ड्रिबलिंगचा वेग समजा. बहुतेकांना तो स्वतःच्या अंदाजापेक्षा कमी असल्याचं कळतं. हरकत नाही. त्या वेगाला सराव केला की तो वाढतो, त्यापेक्षा जास्त वेगाने केला तर फक्त चेंडूमागे धावणं होतं.

दमल्यावर चेंडू सुटत असेल तरी हीच चाचणी करा, पण सरावाच्या शेवटी. दमलेला माणूस गुडघे सरळ करतो. गुडघे सरळ झाले की पाय लांबून फटका मारतो आणि टच वाढतो. तिथे पायाचं तंत्र नव्याने शिकायचं नाही, वाकलेल्या गुडघ्यांनी जास्त वेळ खेळण्याची ताकद कमवायची आहे.

नजर

कोनच्या सरावाचा एक मोठा तोटा आहे. कोन हलत नाही, त्यामुळे मान वर करायची कधी गरजच पडत नाही. महिनोन्‌महिने कोनमधून चेंडू फिरवलेला खेळाडू खाली बघण्यात पटाईत होतो. चेंडू पायात उत्तम राहतो आणि मैदान दिसत नाही.

सतत वर बघा असं नुसतं सांगून काही होत नाही, कारण टच करताना चेंडू बघावा लागतोच. खरा प्रश्न कधी बघायचं हा आहे. टच झाल्याबरोबर वर, चेंडू घरंगळत असताना वर, पुढच्या टचच्या जरा आधी खाली. टच झाल्यावर काही क्षण चेंडू कुठे जाणार हे तुम्हाला ठाऊक असतं, तेवढ्या क्षणांत त्याच्याकडे बघून नवीन काही कळत नाही. तोच वेळ बचावपटूसाठी वापरायचा. हळूहळू नजर समोर ठेवूनही चेंडू खालच्या कडेला दिसत राहतो, इतकंच पुरतं.

मी असं करून घेतो: एक जण समोर पाठमोरा चालत राहतो आणि हाताची बोटं वर करतो, दोन, पाच, तीन, एक. चेंडू नेणाऱ्याने प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणायचा. सुरुवातीला एक मजेशीर गोष्ट दिसते: आकडा म्हणताना चेंडू हमखास लांब जातो, कारण खेळाडू आकडा वाचायला नेमका टचच्याच क्षणी मान वर करतो. दोन-चार फेऱ्यांत तो आपोआप टचनंतर मान वर करायला लागतो. कुणी ओरडून सांगायची गरज पडत नाही. हा व्यायाम कोनच्या सरावाच्या जागी ठेवा, त्याच्यावर जादा म्हणून नको.

ट्रिक कुठून सुरू करता

आता मूळ दुखण्याकडे. चेंडू बचावपटूच्या नडगीवर जातो हे लक्षण असेल, तर वरचं सगळं तपासून इथे जास्तीत जास्त वेळ द्या.

बचावपटू एक पाऊल टाकून पाय लांबवतो तेव्हा तो जितका पोहोचतो, तो त्याचा टप्पा. ट्रिक त्या टप्प्याच्या बाहेर सुरू आणि पूर्ण व्हायला हवी. साधारण दोन मीटरवर सुरुवात म्हणा, पण तुम्ही वेगाने येत असाल तर त्याच्याही आधी, कारण ट्रिक करेपर्यंत तुम्ही त्याच्याकडे सरकतच असता. तो तुमच्याकडे धावत येत असेल तर आणखी आधी.

उजव्या बाजूने खेळणारी एक मुलगी माझ्याकडे सरावाला होती. तिची सिझर्स बघत राहावी अशी, पण मॅचमध्ये दर वेळी चेंडू जायचा. व्हिडिओ थांबवून बघितला तेव्हा दिसलं की ती ट्रिक सुरू करते तेव्हा तिचा बूट आणि बचावपटूचा बूट यांच्यात जेमतेम चेंडू मावेल एवढीच जागा आहे. तिचा पाय चेंडूभोवती फिरायला लागताच समोरची नुसती उभी राहून पाय पुढे करायची. हूल बघायलाही समोरच्या बचावपटूला वेळ मिळत नव्हता. मी जमिनीवर एक पट्टी टाकली, बचावपटूला पट्टीच्या पलीकडे उभं केलं आणि सांगितलं, पट्टीच्या आत चेंडू नेलास तर ट्रिक करायचीच नाही, मागे वळायचं. सिझर्समध्ये काडीचाही बदल केला नाही. ती आधी सुरू करायला लागली आणि बचावपटू हलायला लागले.

ट्रिकच्या आधीचा टचही त्याच पट्टीपाशी तपासा. तो छोटा हवा, वेग थोडा कमी करणारा हवा आणि चेंडू शरीराच्या थोडा पुढे राहील असा हवा. वेग कमी केला की बचावपटूही पाय रोवतो, आणि रोवलेला पायच चुकीच्या बाजूला झुकवता येतो. चेंडू नेमका दोन पायांच्या मध्ये अडकला, तर पाय फिरवायला जागाच उरत नाही. फार पुढे गेला, तर हूल दाखवून होईपर्यंत दुसरा पाय चेंडूला गाठत नाही.

आता दोन-तीन ट्रिकचे नेहमीचे बारीक दोष.

सिझर्समध्ये उजवा पाय चेंडूच्या पुढून आतून बाहेर फिरतो, त्या पायावर गुडघा वाकवून वजन जातं आणि मग डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू डावीकडे निघतो. बहुतेक जण फक्त पाय फिरवतात. खांदा जागचा हलत नाही, गुडघा वाकत नाही. बचावपटू पायाला फसत नाही, तो वजनाला फसतो. फिरवलेल्या पायाच्या बाजूला खांदा आणि छाती गेलीच पाहिजे. आरशासमोर चेंडूशिवाय करून बघा, स्वतःलाच पटतंय का ते.

नेदरलँड्सचा खेळाडू योहान क्रॉयफ याचं वळण १९ जून १९७४ रोजी डॉर्टमुंडला नेदरलँड्स विरुद्ध स्वीडन या विश्वचषकाच्या सामन्यात जगाने पाहिलं. मॅच गोलशून्य बरोबरीत सुटली, तरी स्वीडनच्या यान ओल्सनला चकवणारा तो क्षण अजून शिकवला जातो. त्यात सगळे शेवटचा भाग शिकतात, म्हणजे पायाच्या आतल्या बाजूने चेंडू आधाराच्या पायामागून ओढणं. जीव पहिल्या भागात आहे. फटका मारणाऱ्या माणसाचे हात, मांडी, खांदे जसे उघडतात तसे उघडायला हवेत. आणि चेंडू आपल्याच टाचेवर आपटत असेल तर आधाराचा पाय चेंडूच्या अगदी शेजारी पडतोय. तो चेंडूच्या थोडा पुढे टाका, मागे वाट मोकळी होते.

इलास्टिको या ट्रिकमध्ये चेंडू आधी बाहेर आणि लगेच आत असा एकाच टचमध्ये जातो, पाय चेंडूवरून सुटता कामा नये. ठक-ठक असे दोन आवाज आले तर ती इलास्टिको नाही, दोन वेगळे टच आहेत आणि मधल्या फटीत चेंडू जातो. चवड्यावर उभं राहून, जागेवरच, फक्त आवाज ऐकत सराव करा. तरीही माझं मत विचाराल तर ही ट्रिक सगळ्यात शेवटी घ्या.

किती ट्रिक लागतात? १९५६ मध्ये पहिला बॅलन डी'ओर (युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) मिळालेले इंग्लंडचे स्टॅनली मॅथ्यूज प्रामुख्याने एकाच चालीसाठी ओळखले जात: आत जाण्याची हूल आणि बाहेरून सुटणं. ते काय करणार हे समोरच्याला ठाऊक असायचं. ब्राझीलचा गॅरिंचाही बहुतेक वेळा उजव्याच बाजूने जायचा आणि तरी अडवता येत नसे. अंतर आणि क्षण अचूक असले की एक चाल पुरते.

बचावपटूचे पाय वाचणं

छोटी गोष्ट, मोठा परिणाम. बचावपटू तिरका उभा असेल तर त्याचा जो पाय पुढे आहे, त्या बाजूने जा. त्या बाजूला यायला त्याला कंबर पूर्ण फिरवावी लागते, दुसऱ्या बाजूला तो फक्त पळतो. दोन्ही पाय समांतर ठेवून उभा असेल तर पायांच्या मधून वाट आहे. त्याचे पाय दिसत नसतील, तर नजरेच्या पायरीवर परत जा.

ट्रिकनंतरची दोन पावलं

बचावपटू फसून परत येतो, हे लक्षण असणाऱ्यांनी इथे थांबावं. हूल दिली, तो झुकला, आणि मग तुम्ही त्याच वेगाने निघालात, तर त्याला सावरायला वेळ मिळतो. हळू येऊन जोरात सुटायचं. वेगातला हा फरकच तुम्हाला पार करतो, ट्रिक फक्त त्याचं वजन चुकीच्या पायावर नेते. बाहेर पडतानाचा टच त्याच्या पाठीमागच्या जागेत हवा, बाजूला नको. बाजूला गेला तर तो खांद्याला खांदा लावून धावू शकतो. पुढच्या पावलाला त्याच्या धावण्याच्या रेषेत आपलं शरीर आणा. आता चेंडू आणि तो यांच्या मध्ये तुम्ही आहात, आणि पोहोचायचं तर त्याला तुम्हाला पाडावं लागेल.

व्हिडिओत ट्रिकनंतरची पहिली दोन पावलं बघा. ती आखूड आणि जोरकस असायला हवीत. खेळाडू ट्रिक झाली का हे बघायला क्षणभर थबकतो, हे आश्चर्य वाटेल इतक्या वेळा दिसतं.

कमकुवत पाय

हा मी मुद्दाम इतका खाली ठेवला आहे. एकाच बाजूला गडबड होत असेल तरच आत्ता हात घाला. २२ जून १९८६ रोजी अझ्टेका स्टेडियममध्ये विश्वचषकात इंग्लंडविरुद्धच्या त्या गाजलेल्या दुसऱ्या गोलसाठी अर्जेंटिनाचा मारादोना आपल्या हद्दीतून निघाला आणि सगळे टच डाव्याच पायाचे होते. म्हणजे एका पायावरही खूप काही होतं. पण दुसरा पाय अगदीच नसेल, तर बचावपटू एक बाजू सोडून देतो आणि सगळं वजन दुसऱ्या बाजूला ठेवतो. सरावाच्या सुरुवातीला, ताजेतवाने असताना, दहा मिनिटं फक्त कमकुवत पाय. शेवटी ठेवला तर दर वेळी राहून जातो.

समोर माणूस आणणं

ही सगळ्यात खर्चिक पायरी, कारण यात दुसऱ्याचा वेळ लागतो. कोनवरून थेट खऱ्या बचावपटूवर उडी मारू नका, मध्ये पायऱ्या आहेत. आधी साथीदार नुसता उभा, पाय हलवायचा नाही. मग तो एका रेषेवर डावी-उजवीकडेच सरकू शकतो. मग तो पुढे येऊ शकतो, पण चालत. मग पूर्ण जोर. रेषेची पायरी सर्वांत मोलाची आहे. त्यात बचावपटू खरोखर झुकतो, तुम्हाला हुलीचा परिणाम दिसतो आणि अंतर बरोबर असेल तर चेंडू जात नाही. एका पायरीवर बहुतेक वेळा पार होता आलं की पुढची.

आणि सगळीकडे ड्रिबल करायचं नसतं. आपल्या पेनल्टी क्षेत्राजवळ चेंडू गेला तर गोल होतो, त्यांच्या क्षेत्राजवळ गेला तर फक्त गोल किक किंवा थ्रो. मागे एकही साथीदार नसताना मध्यभागी एकट्याने दोघांना चकवायला जाणं हा तंत्राचा दोष नाही, पण व्हिडिओत तो तंत्राच्या दोषासारखाच दिसतो. पास मोकळा असेल तर द्या.

कधी थांबायचं आणि कुणाकडे जायचं

घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर कळ येत असेल, तर सराव बंद आणि डॉक्टरकडे. एक्स-रे लागू शकतो. वळताना गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला आणि काही तासांत तो सुजला, तर त्या पायावर पुन्हा खेळून बघू नका, अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. लिगामेंट फाटल्याची ती खूण असू शकते. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं किंवा गोंधळल्यासारखं झालं, तर त्या दिवशी खेळ संपला, बरं वाटलं तरी. उलटी झाली किंवा डोकेदुखी वाढत गेली, तर लगेच दवाखाना.

वाढीच्या वयातल्या मुलांची टाच किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा खेळल्यावर सतत दुखत असेल, तर सराव वाढवून ते जात नाही, उलट चिघळतं. तिथे फिजिओथेरपिस्टचं ऐका, मूल चार आठवडे मागे पडेल याची चिंता करू नका. घोटा पुन्हा पुन्हा त्याच बाजूला मुरगळत असेल किंवा एका पायावर अर्धा मिनिटही तोल राहत नसेल, तरीही फिजिओथेरपिस्टच, कारण तो दोष कोनच्या सरावाने भरून येणार नाही.

एका बाजूने येणारे खेळाडू कधीच दिसत नाहीत किंवा हवेतल्या चेंडूचं अंतर वारंवार चुकतं, आणि बोटांचा व्यायाम करूनही फरक नाही, अशा वेळी डोळे तपासून घ्या.

दुखणं काहीच नाही, आठवड्यातून तीन-चार वेळा वरचा सराव नीट केला आणि सहा आठवड्यांनंतरही त्याच ठिकाणी चेंडू जातोय, तर एकट्याने चालवणं थांबवा आणि प्रशिक्षित कोचला प्रत्यक्ष मैदानावर बघायला बोलवा. जाताना सुरुवातीचा आणि आत्ताचा असे दोन्ही व्हिडिओ न्या, आणि चेंडू जाण्याआधीचे तीन टच कुठे आहेत त्या वेळा लिहून न्या. त्याचं बघणं तिथूनच सुरू होऊ द्या.